जपानमध्ये नवं घर लावताना: शंभर येनच्या दुकानापासून जुन्या फ्रिजपर्यंत

जपानमध्ये भाड्याच्या घराची किल्ली मिळते तेव्हा घर खरोखरच रिकामं असतं. छताला दिवा नाही, खिडक्यांना पडदे नाहीत, बऱ्याच घरांत ओट्यावर शेगडीही नाही. आधीचा भाडेकरू आपलं सगळं घेऊन जातो, दिव्यासकट. इथली तशी रीतच आहे. कंपनीने फर्निचरसकट घर दिलं असेल तर नशीब म्हणायचं. बाकीच्यांना पहिला पगार हातात पडायच्या आत संसार उभा करायचा असतो, तोही स्वस्तात.

स्वस्त दुकानांना इथे तोटा नाही. पण त्यातलं प्रत्येक दुकान ठरावीक गोष्टींतच खरं स्वस्त असतं, बाकीच्या बाबतीत नुसतं स्वस्त वाटतं. शिवाय मोठी वस्तू टाकून द्यायलाही जपानमध्ये पैसे मोजावे लागतात. त्यामुळे ती घरात मावते का, घरातल्या विजेला आणि गॅसला जुळते का, आणि दोन वर्षांनी तिची विल्हेवाट कशी लावायची, हे सगळं धरून मगच तिची किंमत काढायची. पुढचा क्रम मी याच हिशेबाने लावला आहे.

१. आधी मोजपट्टी

पहिली खरेदी मोजपट्टीची करा. दाइसो या शंभर येनच्या दुकानात करासकट ११० येनला मिळते. ती घेऊन रिकाम्या घरात फिरा आणि आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

खिडकीची उंची पडद्याच्या दांडीवरच्या कडीपासून मोजायची, काचेपासून नाही. तयार पडदे इथे ठरावीक मापांत येतात: एक पडदा १०० सेंटिमीटर रुंद, उंची ११०, १३५, १७८ किंवा २००. बाल्कनीच्या सरकत्या दाराला सहसा २०० लागतो. माप चुकलं तर पडदा जमिनीवर लोळतो नाहीतर गुडघ्याशी लटकतो, आणि पाकीट फोडल्यावर तो परत करणं अवघड. फ्रिजच्या कोनाड्याची रुंदी, वॉशिंग मशीन ठेवायच्या प्लास्टिकच्या ट्रेचं आतलं माप आणि मुख्य दाराची रुंदी हेही टिपा. फ्रिज दारातून आतच जात नाही, हे सामान आणणाऱ्या माणसासमोर कळणं बरं नव्हे.

मग गॅस पाहा. शहरी नळाचा गॅस आणि सिलिंडरचा एलपी गॅस यांच्या शेगड्या वेगवेगळ्या असतात. शेगडीवर आणि गॅसच्या तोटीजवळ स्टिकर असतो: १२ए किंवा १३ए म्हणजे नळाचा गॅस, नाहीतर एलपी. दोन्ही जुळल्याशिवाय शेगडी घेऊ नका, कुणी फुकट दिली तरी नाही. हा जिवाशी खेळ आहे. घरात इंडक्शन असेल, ज्याला इथे आयएच म्हणतात, तर घरून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणार नाही. इंडक्शनचा तळ असलेलाच कुकर हवा.

विजेचं प्रकरण आणखी मजेशीर आहे. जपानमध्ये १०० व्होल्ट वीज असते, त्यामुळे आपला २३० व्होल्टचा मिक्सर इथे नुसता कण्हतो. ट्रान्सफॉर्मर घेण्याऐवजी अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी बनतो तो ११० व्होल्टचा मिक्सर येतानाच आणावा, बहुतेकांचं त्यावर भागतं. वर देशाचे दोन भाग आहेत: टोकियोसकट पूर्वेकडे ५० हर्ट्झ, ओसाकासकट पश्चिमेकडे ६०. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, टोकियोने जर्मन जनरेटर घेतले, ओसाकाने अमेरिकन, आणि ती तफावत आजतागायत तशीच राहिली. नव्या उपकरणांना दोन्ही चालतात. जुना मायक्रोवेव्ह किंवा वॉशिंग मशीन घेताना मात्र मागचं लेबल वाचा, त्यावर एकच आकडा असू शकतो. मोबाईल-लॅपटॉपचे चार्जर सगळीकडे चालतात, फक्त पिनचा प्रश्न येतो. आपल्या गोल पिना इथल्या दोन चपट्या फटींत घालणारे अडॅप्टर घरूनच आणा. इथल्या दुकानांतले अडॅप्टर मुख्यतः बाहेरदेशी जाणाऱ्या जपानी लोकांसाठी असतात, म्हणजे नेमके उलटे.

२. पहिल्या रात्रीपुरतं

पहिल्या रात्री अंथरूण, दिवा, पडदा, टॉयलेट पेपर, टॉवेल आणि साबण एवढं लागतं. ताटं-वाट्या दुसऱ्या दिवशीही चालतात.

दिवसा हाताशी वेळ असेल तर नितोरी गाठा. १९६७ साली साप्पोरोत सुरू झालेलं हे फर्निचरचं दुकान आता देशभर आहे. गादी-उशी-पांघरुणाचा संच, पडदे आणि छताचा दिवा या बाबतीत त्याच्या तोडीचं दुसरं सापडणं कठीण. दिव्याला वायरमन लागत नाही. बहुतेक घरांच्या छताला एक ठरावीक गोल खाच असते, त्यात दिव्याचं बूड घालून फिरवलं की बसतं. दिवे खोलीच्या मापावर विकले जातात: सहा जो, आठ जो असं खोक्यावर लिहिलेलं असतं. एक जो म्हणजे एका तातामीची, म्हणजे जपानी चटईची, जागा; सहा जोची खोली साधारण दहा चौरस मीटर.

विमान उशिरा उतरलं आणि नितोरी बंद झालं, तर डोन किहोते. सगळे त्याला डोंकी म्हणतात. या नावाचं पहिलं दुकान टोकियोजवळच्या फुचू शहरात १९८९ साली उघडलं, आणि रात्री उशिरापर्यंत चालू राहणं हीच त्याची ओळख झाली. कित्येक शाखा तर चोवीस तास चालू असतात. आत शिरलं की डोकं गरगरतं. माल छतापर्यंत रचलेला, वाटा अरुंद, वरून रंगीबेरंगी हाताने लिहिलेल्या पाट्या लोंबतायत. हे मुद्दामच केलेलं असतं: माणसाने हरवावं, शोधत फिरावं आणि ठरवलं नव्हतं तेही उचलावं. म्हणून डोंकीत यादी घेऊन जा आणि पहिल्या मिनिटाला कर्मचाऱ्याला मोबाईलवर वस्तूचा फोटो दाखवा, तो थेट त्या रांगेत नेऊन सोडतो. पांघरूण, सुटकेस, हीटर, केटल, खाऊ, सौंदर्यप्रसाधनं यांत डोंकी चांगलं. रोजचा किराणा मात्र पर्यटकांच्या भागातल्या शाखेतून घेऊ नका. उपनगरातल्या मेगा डोंकी या मोठ्या शाखांत भाजीपालाही असतो आणि भावही बरे असतात.

तिथल्या टॅक्स फ्री काउंटरकडे नव्याने आलेला प्रत्येक जण आशेने बघतो. ती सवलत थोड्या मुदतीसाठी आलेल्या पर्यटकांना आहे. नोकरीच्या किंवा विद्यार्थ्याच्या व्हिसावर राहायला आलेल्यांना ती मिळत नाही, पासपोर्ट भारतीय असला तरी.

३. शंभर येनचं दुकान: काय घ्यावं, काय नको

दाइसो, सेरिया, कॅन डू ही तीन नावं स्टेशनाच्या आसपास कुठे ना कुठे दिसतीलच. दाइसोचा उगम हिरोशिमाचा, १९७७ पासूनचा. तिथे आता २२०, ३३०, ५५० येनच्या वस्तूही असतात, पण त्यांच्यावर किंमत छापलेली असते. काहीच छापलेलं नसेल तर ती शंभर येनची. सेरियात सगळंच शंभरचं, आणि दिसायलाही ते जरा नेटकं असतं. शंभरवर कर येतो: सर्वसाधारण वस्तूंना १० टक्के, खाण्यापिण्याच्या वस्तूंना ८. म्हणून एकाच टोपलीतला कप ११०चा आणि बिस्किटाचा पुडा १०८चा. दारूला सवलतीचा दर नाही.

मराठी घरासाठी इथे काय काय मिळतं ते सांगते. मेनबो नावाचं लाकडी लाटणं, पोळ्यांना थोडं जाड वाटेल पण चालतं. चिमट्याच्या जागी स्वयंपाकाचा टाँग. आल्याची किसणी उत्तम, इथे आलं आणि मुळा किसणं रोजचं असल्याने किसण्यांचे कितीतरी प्रकार आहेत. मसाल्याच्या डब्याऐवजी एकसारख्या छोट्या पारदर्शक बरण्या. चहाची गाळणी. आंघोळीसाठी तेओके, म्हणजे दांड्याचं प्लास्टिकचं भांडं, हा आपला तांब्याच समजा. बादली मात्र थोड्या मोठ्या आकाराची हवी असेल तर होम सेंटर, म्हणजे घरसामान आणि हत्यारांच्या मोठ्या दुकानात बघा. कपडे वाळत घालायला चिमटे लोंबणारी चौकट आणि बाल्कनीच्या कठड्यावर गादी धरून ठेवणारे मोठे चिमटे. वाऱ्याचे दिवस आले की यांचं महत्त्व कळतं. खिशात ठेवायचा छोटा टॉवेलही घ्या, कारण बऱ्याच सार्वजनिक स्वच्छतागृहांत हात पुसायला कागद नसतो.

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा नाही. घर सोडताना ते मूळ स्थितीत परत द्यावं लागतं, आणि खिळ्याच्या किंवा स्क्रूच्या भोकांचा खर्च भाडेकरूकडून वसूल होतो. सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कॅलेंडर लावायच्या साध्या टाचण्यांची बारीक छिद्रं वापराची झीज धरली जातात. तरी करारात काय लिहिलंय ते वाचा. खिळ्याला पर्याय म्हणून शंभर येनच्या दुकानात दोन भिंतींत दाबून बसणारा दांडा मिळतो. पडदा, कपडे, स्वयंपाकघरातल्या पळ्या-झारे, सगळं त्यावर टांगता येतं. चिकट हुक मात्र वॉलपेपरवर लावू नका, काढताना कागद सोलून येतो. फरशा, काच किंवा फ्रिजवर लावा.

भूकंपाची तयारीही इथूनच सुरू करता येते: टीव्ही आणि मायक्रोवेव्हखाली लावायचे चिकट जेलचे तुकडे, कपाटाचं दार अडवणारी कडी, टॉर्च, बॅटऱ्या, शिट्टी. अंथरुणाच्या डोक्याशी उंच कपाट ठेवायचं नाही, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं.

आता काय घेऊ नये. तवा आणि फ्राइंग पॅन नकोत. चांगलं माप ३३० किंवा ५५०ला जातं आणि लेप लवकर निघतो. त्यापेक्षा नितोरीतून घ्या. ॲल्युमिनियम फॉइल, प्लास्टिकची पातळ रॅप आणि भांड्याचा साबण इथे स्वस्त दिसतात, कारण शंभर येनमध्ये बसवायला माल कमी केलेला असतो. रॅपच्या खोक्यावर किती मीटर ते बघा आणि औषधांच्या दुकानातल्या मोठ्या खोक्याशी ताडून पाहा, हिशेब तिथेच कळेल. मसाल्यांच्या बाटल्यांत तर दोन वेळच्या फोडणीपुरतं जिरं असतं. कचऱ्याच्या पिशव्याही घाईने घेऊ नका. टोकियोच्या २३ वॉर्डांत पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक पिशवी चालते, पण क्योतो, फुकुओकासारख्या शहरांत पालिकेची ठरलेली पिशवीच लागते. दुसरी वापरली तर कचरा उचलतच नाहीत.

४. किमतीची पाटी आणि काउंटर

बऱ्याच दुकानांत शेल्फवर दोन आकडे असतात. मोठ्या ठळक अक्षरांतला आकडा करापूर्वीचा, खालचा बारीक आकडा करासकट. आपण द्यायचे पैसे बारीक आकड्यातले. कायद्याने २०२१ पासून करासकट किंमत दाखवणं सक्तीचं आहे, पण तो आकडा केवढ्या आकारात छापायचा हे दुकानदाराच्या मर्जीवर. सवलत वारी या मापात लिहिलेली असते. एक वारी म्हणजे दहा टक्के, तेव्हा ३ या आकड्यासोबत वारीबिकी लिहिलं असेल तर तीस टक्के सूट. हांगाकु म्हणजे निम्मी किंमत. आणखी एक ओळ वारंवार दिसेल: माणशी एकच. अंडी किंवा तेल स्वस्तात काढलं की ही अट असते, आणि नवरा-बायको दोघं वेगवेगळ्या रांगेत उभे राहिले तर कुणी हरकत घेत नाही.

काउंटरवर बोलणं फारसं नसतं. टोपली ठेवली की कर्मचारी एकेक वस्तू स्कॅन करून दुसऱ्या रंगाच्या टोपलीत रचत जातो, जड खाली, अंडी वर. विचारलं जातं ते एवढंच: पॉइंट कार्ड आहे का, आणि पिशवी हवी का. दोन्हीला नको असेल तर "दाइजोबु देस", म्हणजे ठीक आहे, नको. प्लास्टिकच्या पिशवीला २०२० पासून पैसे पडतात, म्हणून घडीची कापडी पिशवी कायम जवळ ठेवा. पैसे हातात द्यायचे नसतात, छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. आता बऱ्याच ठिकाणी शेजारच्या यंत्रात आपणच भरतो. मग टोपली उचलून मागच्या लांब टेबलाशी जायचं आणि तिथे स्वतः भरायचं. पातळ पिशव्यांची गुंडाळी आणि बोटं ओली करायला स्पंजही तिथेच असतो. काउंटरवरच भरत बसलात तर मागची रांग काही बोलणार नाही, पण खोळंबेल.

सुरुवातीला रोख रक्कम बाळगा. मोबाईलवरचं पेमेंट आता सगळीकडे पसरलंय, पण स्वस्त किराण्याच्या काही शाखा अजूनही नोटाच मागतात.

५. किराणा

इथे एकाच दुकानावर विसंबून चालत नाही. माझी वाटणी अशी: भाजी छोट्या भाजीवाल्याकडून, दूध-दही-तोफू-अंडी जवळच्या सुपरमार्केटमधून, साबण-शांपू औषधांच्या मोठ्या दुकानातून, गोठवलेला आणि मोठ्या मापातला माल ग्योमू सुपरमधून, आणि डाळी-पीठ-मसाले भारतीय दुकानातून.

ग्योमू सुपरची हिरवी पाटी लांबूनच दिसते. कोबे बुस्सान या ह्योगो प्रांतातल्या कंपनीचं हे दुकान, २००० साली सुरू झालेलं. नावावरून ते हॉटेलवाल्यांसाठी आहे असं वाटतं, पण पाटीवरच लिहिलेलं असतं की सर्वसामान्य ग्राहकांचंही स्वागत आहे. गोठवलेली भेंडी आणि पालक, छोले, नारळाचं दूध, गोठवलेले पराठे, टोमॅटोचे डबे हा तिथला आपल्या कामाचा माल. भेंडी रस्सा भाजीला ठीक, परतून कुरकुरीत होणार नाही. आणि एकट्यासाठीच्या छोट्या फ्रिजचा फ्रीझर केवढा असतो ते आठवून मगच दुसरं पाकीट उचला.

तांदूळ इथे चिकट आणि आखूड दाण्याचा असतो. वरणभाताला हळूहळू सवय होते, पुलावाला नाही. २०२५ मध्ये सुपरमार्केटातला तांदूळ पाच किलोला सरासरी ४,००० येनच्या पुढे गेला होता, त्यामुळे भारतीय दुकानातला बासमती महाग हा जुना समज तपासून बघायला हरकत नाही. टोकियोत निशी-कासाई आणि शिन-ओकुबो या भागांत तूरडाळ, पोहे, बेसन, कणीक सगळं मिळतं. निशी-कासाईला २००० सालाच्या आसपास आलेल्या आयटीवाल्यांमुळे भारतीय वस्ती वाढत गेली. लांब राहणारे ऑनलाइन मागवतात, ठरावीक रकमेच्या वर मागवलं की घरपोच खर्च माफ होणारी दुकानं बघून.

सुपरमार्केटातल्या पिठाने पोळ्या करायला जाऊ नका. हाकुरिकिको केकसाठी, क्योरिकिको पावासाठी, आणि दोन्ही मैदाच. गव्हाचं सबंध पीठ झेनर्यूफुन या नावाने मिळतं, पण ते छोट्या पाकिटात आणि महाग. कणीक भारतीय दुकानातूनच आणावी. दुधाच्या खोक्यांतही फरक असतो. सगळ्यात स्वस्त खोकं बहुधा कमी स्निग्धांशाचं किंवा दुधापासून बनवलेलं पेय असतं. चहाला आणि विरजणाला सेइबुन मुचोसेइ लिहिलेलं, ३.५ टक्क्यांच्या वर स्निग्धांश असलेलं ग्यून्यू घ्या. विरजणाला साधं दही चालतं, फक्त डब्यावर मुतो, म्हणजे साखरविरहित, असल्याची खात्री करा.

शाकाहारी माणसाला लेबल वाचायला शिकावंच लागतं, त्याला इलाज नाही. मोबाईलचा कॅमेरा भाषांतर करतो खरा, पण बारीक चकचकीत छपाईवर तो हमखास चुकतो. म्हणून बुता, ग्यू, तोरी, निकु, साकाना, कात्सुओ, ग्योकाई, झेराचिन आणि रादो या शब्दांची जपानी अक्षरं एका चित्रात साठवून ठेवा. डुक्कर, गाय, कोंबडी, मांस, मासा, बोनितो मासा, समुद्री जीव, जिलेटिन आणि डुकराची चरबी असा त्यांचा क्रम. एकिसु हा शब्द दिसला तर त्याच्या आधीचा शब्द नीट वाचा, कशाचा तरी अर्क असतो. करीच्या तयार वड्यांत बहुतेक वेळा गाय-डुकराची चरबी असते, नूडल्सच्या मसाल्यात डुकराचा अर्क, कॉन्सोमे, म्हणजे सुपाच्या, चवीच्या वेफर्समध्ये मांसाचा. ॲलर्जीची यादी वाचून एखादा पदार्थ शाकाहारी ठरवू नका: बोनितो त्या यादीत येतच नाही, आणि दाशीच्या, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ रश्श्याच्या, रूपाने तो सोया सॉसच्या सारापासून भाजीच्या लोणच्यापर्यंत कुठेही असू शकतो.

जमेची बाजूही आहे. मोड आलेल्या मुगासारखं मोयाशी हे इथलं सर्वांत स्वस्त खाणं. मोमेन जातीचा घट्ट तोफू पनीरच्या भाजीत सहज खपतो. थंडीत सुपरमार्केटच्या दाराशी आणि डोंकीत भाजलेली रताळी गरमागरम मिळतात. चतुर्थीचा उपास जपानमध्ये अवघड जात नाही तो त्यांच्या जिवावर.

साबणाच्या रांगेत एक धोका लक्षात ठेवा. कपडे धुण्याचं सेनझाइ आणि नंतरचं मऊ करणारं जूनानझाइ यांच्या बाटल्या सारख्याच दिसतात. आणि ज्या बाटलीवर माझेरुना किकेन असा मोठा इशारा असतो, ती दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळायची नाही. क्लोरीनचं ब्लीच आणि आम्लाचा क्लीनर एकत्र आले की विषारी वायू होतो, आणि इथली बरीच न्हाणीघरं खिडकीविना असतात.

६. संध्याकाळचे स्टिकर

तयार पदार्थ, पाव, मासे, मांस यांवर संध्याकाळी सवलतीचे स्टिकर लागतात. दुकान केव्हा बंद होतं त्यावर वेळ ठरते. साधारण सहा-सातनंतर वीस-तीस टक्क्यांनी सुरुवात होते आणि शेवटच्या तास-दोन तासांत निम्म्यावर येते. आपल्या दुकानाची वेळ चार संध्याकाळी फेरी मारून कळते.

यालाही शिस्त आहे. स्टिकरचं यंत्र घेऊन कर्मचारी शेल्फपाशी आला की लोक जवळपास घुटमळतात, पण त्याच्या अंगावर जात नाहीत. आधी टोपलीत टाकलेला डबा त्याच्यापुढे धरून यावरही लावा म्हणणं वाईट दिसतं. एक पाऊल मागे थांबायचं, तो पुढच्या डब्याकडे वळला की आपला उचलायचा. भाजीच्या कोपऱ्यात मिकिरी-हिन म्हणून वेगळी गाडी असते. डागाळलेले टोमॅटो, पिकलेली केळी, सुकलेली मिरची तिथे निम्म्यात असतात. टोमॅटोच्या सारासाठी यापेक्षा चांगला माल नको.

तारखा वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने असतात, २६.०३.०५ म्हणजे २०२६ सालच्या मार्चची पाच तारीख. शोहिकिगेन असेल तर त्या तारखेच्या आत संपवा. शोमिकिगेन ही चवीची मुदत आहे, दुसऱ्या दिवशी फेकायची गरज नाही.

७. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि बाकीचं जुनं

जुनी वस्तू घेणं इथे कमीपणाचं नाही आणि मालही बहुतेक जपून वापरलेला असतो. जुन्या मालाची दुकानं अशी: उपकरणांना हार्ड ऑफ, घरगुती सामानाला ऑफ हाउस, शिवाय सेकंड स्ट्रीट आणि ट्रेझर फॅक्टरी. हार्ड ऑफमध्ये निळ्या टोपल्यांत जंक म्हणून ठेवलेला माल असतो: तपासलेला नाही, परत घेणार नाही. तारा आणि रिमोटसाठी ठीक, राइस कुकरसाठी नको. फ्रिज किंवा मशीन मात्र शेल्फवरचं, हमी असलेलं घ्या. दाराच्या आत किंवा मागच्या पट्टीवर बनल्याचं वर्ष लिहिलेलं असतं ते बघा. पाच-सहा वर्षांपर्यंतचं असेल तर पुढे विकता येईल; दहा वर्षांचा फ्रिज फुकट मिळाला तरी तो सांभाळणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

कारण असं: २००१ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार एसी, टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन पालिका कचऱ्यात घेत नाही. पुनर्वापराचं शुल्क आणि नेण्याचा खर्च मालकाने भरायचा, एका फ्रिजला काही हजार येन सहज. बाकीचं मोठं सामान सोदाइ गोमी या सदरात येतं. टोकियोच्या २३ वॉर्डांत साधारण ३० सेंटिमीटरहून मोठी बाजू असलेली वस्तू यात मोडते, म्हणजे खुर्ची, गादी आणि छोटं टेबलसुद्धा. आधी ऑनलाइन किंवा फोनवर तारीख घ्यायची, सांगितलेल्या रकमेचे स्टिकर कन्व्हीनियन्स स्टोअरमधून आणायचे, वस्तूवर चिकटवायचे आणि त्या दिवशी सकाळी ठरलेल्या जागी ठेवायची. लाउडस्पीकरवरून फुकट नेतो म्हणत फिरणाऱ्या ट्रकांपासून दूर राहा. परवाना नसतो, आणि सामान वर चढल्यावर पैसे मागितल्याच्या तक्रारी इतक्या आहेत की पालिका स्वतःच सावध करत असतात.

सगळ्यात चांगला सौदा परत जाणाऱ्या आपल्याच माणसांकडे होतो. जपानमध्ये शाळा आणि कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे मार्चमध्ये अर्धा देश घर बदलत असतो. मराठी आणि भारतीय मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर फेब्रुवारीपासूनच फ्रिज-मशीन-सोफ्याचे फोटो यायला लागतात, आणि देणाऱ्यालाही टाकण्याचा खर्च वाचवायचा असल्याने भाव पडते असतात. घेताना बनल्याचं वर्ष, माप आणि गॅस-हर्ट्झ विचारा, आणि नेण्याची सोय आधी ठरवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टेम्पो मिळत नाही, मिळाला तर दर वाढलेला असतो. सोदाइ गोमीच्या तारखाही त्या दिवसांत कितीतरी आधी भरतात, म्हणून तुमची निघायची वेळ मार्चात येणार असेल तर विकायच्या वस्तूंचे फोटो जानेवारीतच टाका आणि जे विकलं जाणार नाही त्याची तारीख फेब्रुवारीत घेऊन ठेवा.